एका आडनावाचे

माती घ्यायला गेले होते.
आठ पिशव्या, एक गिरमिट, तलाठ्याने हाताने काढून दिलेला नकाशा.
बोरखडीच्या ई-क्लासात
पळसाखाली बसलेला गायकी उठला,
म्हणाला, "तथून नोको घेऊ, बाई."

कुठून?
काठीच्या टोकाने त्याने हवेतच धुरा आखला,
हिवरापासून दगडांच्या ढिगापर्यंत.
त्या तुकड्यात गवत गुडघाभर,
बाकीच्या रानापेक्षा हिरवं,
आणि एकाही पात्याला दात लागलेला नाही.

त्याचं नाव झिंगर नेवारे.
बाप दशरू, त्याच्याकडेही गावचं खांड.
दशरूच्या राखणीत अकरा ढोरं गेली, एका हप्त्यात.
सकाळी चरत होती. दुपारी आडवी.
नाकातून रक्त, डांबरासारखं,
संध्याकाळ झाली तरी गोठेना.
"फाशी म्हनत तवा त्या रोगाले."
पुरुषभर खड्डा, सहा पोती चुना,
आणि बजावलेलं, कातडं काढायचं नाही.

"पन एका गायीचं काढलंच."
कोणी?
"माह्याच बापानं."
दंडावर काळी खपली आली, रुपयाएवढी. दुखेना.
न दुखणाऱ्या फोडाला कोण भितं?
बाप दवाखान्यातून परत आला.
सुरी जिनं धुतली ती माय
नाही आली.

हे त्यानं गाय वळवता वळवता सांगितलं,
ऊन किती तापलं ते सांगावं तसं.

मी पिशवी गुंडाळली.
त्याला काय सांगू?
की प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर
याच आडनावाची बिऱ्हाडं नांदतात?
काचेखाली जांभळ्या तुराट्या,
कोणी सुट्या, कोणी सांध्याला सांधा लावून उभ्या.
एक कुटारात राहते, कोणाच्या अध्यात ना मध्यात,
आम्ही तिला हरभऱ्याच्या बियाण्याला चोळून देतो,
मूळ कुजू नये म्हणून.
एक शिळ्या भातात; अख्ख्या वऱ्हाडाला रात्रभर
लोटा घेऊन पळवते.
आणि एकीची विद्या आता सरकीतच शिरली आहे.
अळीनं पान कुरतडलं की तिच्या आतड्याला भोकं.
गुलाबी अळी मात्र तेही पचवायला शिकली,
ती गोष्ट वेगळी.

सांगितलं. जमेल तसं.
झिंगर ऐकून घेत होता, तंबाखू मळत.
"म्हंजे भाऊकीच की.
माहे दोन चुलते. एक बैल चोरे,
एक भजनात पेटी वाजवे.
नाक दोघाईचं सारखंच."

मग मी त्याला लशीचं सांगितलं.
दरवर्षी मिरगाच्या आधी डॉक्टर बर्फाच्या डब्यातून आणतो ती.
तीही तीच आहे, गायी मारणारी,
फक्त अंगावरचा कोट काढून घेतलेली.
उघडी पडली की रक्त तिला ओळखतं,
पुढल्या वेळी कोटवालीलाही सोडत नाही.
यावर तो हसला नाही.
चिमूट ओठात धरून बराच वेळ
त्या हिरव्या तुकड्याकडे बघत राहिला.

"अन् आता हे खाली जे झोपले हायेत,
ते मेले काहून नाही इतक्या वर्सात?"
बी होऊन पडलेत, म्हटलं. पाणी नको, दाणा नको.
"कवापर्यंत?"
हे पुस्तकात नीट लिहिलेलं नाही.
मी म्हटलं, तुमच्या नातवालाही
ही रेघ दाखवून ठेवा.

एक कपिली गोऱ्ही दगडांकडे सरकली.
त्यानं जिभेनं टाळूला कसलासा आवाज काढला,
लिहिता येणार नाही असा.
ती जागीच थबकली, वळली.
बापानंही हाच आवाज काढला असेल
अकरानंतर, रोज.

सात पिशव्या भरल्या.
आठवीच्या चिठ्ठीवर लिहिलं: घेतली नाही.
कारणाच्या रकान्यात जागा होती दोन बोटं,
तिथं लिहिलं, गायकी नाही म्हणाला.
साहेब विचारतील. विचारोत.

बोरखडीच्या हापशीवर हात धुतले,
साबणानं, तीनदा.
तरी उजव्या अंगठ्याच्या नखाखाली
एक बारीक काळी रेघ उरलीच.
कोणाची,
ते काही तिनं सांगितलं नाही.