निळ्या रंगाची वडी

नोव्हेंबर संपता संपता सूर्य फियॉर्डपलीकडे गेला,
जानेवारी अर्धा सरला तरी त्याचा पत्ता नाही.
दुपारी बाराला जरा राखाडी उजेड येतो,
मांजराने दारातून डोकावून जावं, तसा.

अशा दिवसांत मी दुसरीच्या मुलांना म्हणतो,
काढा, काय हवं ते.
मी मूळचा होड्या रंगवणारा.
गोदी बंद पडली म्हणून इकडे आलो.
हाताला सवय सरळ रेघेची,
गलबताच्या नाकाडावर ठसठशीत नाव घालायची,
एक थेंब ओघळला तर शिवी हासडायची.
इथे सगळंच ओघळतं.
शिवी गिळतो.

अकरा मुलं. नऊ कागदांच्या कोपऱ्यात
नऊ पाव सूर्य, पिवळे, कंगव्यासारख्या दातांचे.
दोन महिने कुणी पाहिलेला नाही,
पण कोपरा त्याच्यासाठी धरून ठेवलाय,
बाकावर रुमाल टाकून जागा धरावी तसा.

फिलमोन ऑक्टोबरात आला, अस्मारातून.
त्याचा सूर्य कागदाच्या मधोमध, आणि आत रंगच नाही.
"पिवळा विसरलास," मी म्हणालो.
त्याने असं पाहिलं, जणू मी जन्मात कधी
भर दुपारी अंगणात उभा राहिलो नव्हतो.
"पांढरा असतो. बघताच येत नाही त्याच्याकडे."
पुढे केलेली पिवळी वडी मी हळूच मागे घेतली.

आणि रावना.
ती कागद निळा करत होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत,
जीभ ओठांच्या कोपऱ्यात, बाहीचं टोक पाण्यात.
वडीला खळगा पडला, खळग्याचं भोक झालं,
भोकातून डबीचा पत्रा दिसायला लागला,
तरी थांबेना.
वर्षाला चार डब्या मिळतात मला.
मनातल्या मनात हिशेब.
"माणसं कुठायत?"
"घरात."
"आणि घरं?"
"काळोखात."
"बरं. सूर्य?"
तिने कागद उलटला.
मागे, शर्टाच्या बटणाएवढा, पिवळा.
मी कागद दिव्यासमोर धरला, इकडून, तिकडून.
निळा फार जाड बसला होता.
"दिसत नाही गं."
"कसा दिसेल?" ती म्हणाली,
"आज अठराच तारीख आहे."

एकवीसला अख्खी शाळा टेकडीवर चढली,
थर्मासात कोको, पिशवीत सूर्याच्या दिवशीचे गोड पाव.
आलं ते धुकं.
डोंगराच्या खाचेकडे बघत पंधरा मिनिटं उभे राहिलो,
मग पाव खाल्ले. नाही तरी गार होत होते.
"आला का?" फिलमोनने विचारलं.
"आला असेल," मी म्हणालो.
मास्तरांची उत्तरं असलीच.

संध्याकाळी ब्रश धुतले.
कुठल्याही रंगाने सुरुवात करा,
शेवटी बादलीत तोच एक मातकट रंग,
जो कुठल्याच डबीत येत नाही.
दिवा मालवायला गेलो आणि भिंतीकडे लक्ष गेलं.
दहा चित्रं होती तशीच.
अकरावं कुणीतरी उलटं लावलेलं.
चिकटपट्टीचे चार तुकडे नवे, वाकडे,
एकावर साखरेचे कण.