समाईक भिंत

आमच्या रो-हाऊसच्या कागदावर लिहिलंय :
पूर्वेकडची भिंत समाईक.
म्हणजे खिळा ठोकायचा तरी
खैरनारांना आधी विचारायचं.
आम्ही विचारायचो.

मखमलाबादला, द्राक्षबागा संपतात तिथली ही गल्ली.
माझं काम द्राक्षांतलं विष मोजायचं.
युरोपला जाणारे घड, काचेच्या नळ्या,
दशांश चिन्हानंतरची शून्यं.
एक शून्य इकडचं तिकडे झालं की कंटेनर परत.
दिवसभर जो हेच बघतो
त्याला इवल्या बाटलीवरचं बारीक अक्षर
वाचल्याशिवाय कसं राहवेल?

शिवाय ताईच्या पोराला सुईनंतरच्या तापात आलेली आकडी
मी माझ्या मांडीवर पाहिली होती.
दोन मिनिटं. डोळे पांढरे.
तो आता कबड्डी खेळतो, दारात मावत नाही.
माझी भीती मात्र वाढली नाही की उतरली नाही,
दोन मिनिटांचीच राहिली.

गांगुर्डे सिस्टर यायच्या,
खांद्याला निळा डबा, आत बर्फ.
पहिल्यांदा पाणी प्यायल्या.
दुसऱ्यांदा समजावलं.
तिसऱ्यांदा वहीत लिहिलं, 'पालकांचा नकार',
आणि वही माझ्यापुढे सरकवली.
माझी सही वळणदार आहे.
रिपोर्टाखाली रोज करतो.

म्हणालो, मुलगी माझी आहे.
त्या म्हणाल्या, हो, तुमचीच.
आणि डब्याचं झाकण घट्ट दाबलं,
गारवा वाया जाऊ नये म्हणून.

जुई चार वर्षांची झाली.
फेब्रुवारीत, काढणीच्या ऐन धांदलीत,
तिच्या कानामागून लाल पुरळ उतरू लागलं.
सासूबाई म्हणाल्या, गोवर आहे, निघू द्यावा.
दाराला कडुनिंब खोचला.
निघाला.
पंधरवड्यात पोरगी पुन्हा सायकलवर.
मी बायकोला म्हणालोसुद्धा, बघ.

ते 'बघ'
मला अजून गिळता आलेलं नाही.

कारण पुरळ दिसायच्या आधीचे चार दिवस
ती रोज संध्याकाळी पलीकडे होती,
खैरनारांच्या विहंगला खुळखुळा वाजवून दाखवत,
शिंकत, त्याचे गाल ओढत.
विहंग सात महिन्यांचा.
गोवराची सुई नवव्या महिन्यात.
वैशालीनं कॅलेंडरवर तारखेला गोल केला होता,
एप्रिलच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी.
तिच्या घरी एकही सुई चुकली नव्हती.
चुकायची वेळच आली नव्हती.

रात्री भिंतीतून त्याचा खोकला यायचा.
आम्ही पंख्याचा वेग वाढवायचो.

मग सिव्हिलमध्ये सतरा दिवस.
न्यूमोनिया, वाहणारा कान.
मी जेवणाचा डबा पोचवायचो.
एकदा बाहेरच्या बाकावर गांगुर्डे सिस्टर दिसल्या.
वाटलं, आता बोलतील. बोलाव्यात.
त्यांनी विचारलं, जुई बरी ना?
आणि माझ्या हातातली जड पिशवी
अर्धी आपल्या हातात घेतली.

आमच्याकडूनच गेला असं कुणी म्हणत नाही.
बालवाडीतही चौघांना झाला होता.
मी नमुन्यांचा माणूस,
पुराव्याशिवाय ठपका ठेवत नाहीत, जाणतो.
तारखाही मोजता येतात मला.
वैशालीला त्या येत असाव्यात.
संक्रांतीला तिनं तिळगूळ दिला,
नेहमीचं वाक्य न म्हणता.

जुईच्या राहिलेल्या सुया आता घेतोय, एकेक.
सिस्टर कार्डावर तारीख घालतात.
जुनी सही त्याच वहीत आहे, मागे कुठेतरी.
पान उलटताना त्या थांबत नाहीत.

विहंग दीड वर्षाचा झाला. ओट्यावर चालतो.
डावीकडून टाळी वाजवली
की तो उजवीकडे वळून बघतो, हसत,
तिकडे कुणीतरी आहे या खात्रीनं.
जुई धावत जाऊन
त्या बाजूला उभी राहते.