ठिगळ

कुल रिटिझ्मेसी, प्रजाती रिटिझ्मा.
जुन्या ग्रीकमध्ये याचा अर्थ ठिगळ,
हे मला नोकरीच्या तिसऱ्या दिवशी कळलं,
ओस्ट्रावाच्या संग्रहालयात, मागच्या खोलीत,
जिथे वाळलेली पानं लिफाफ्यांत निजतात
आणि खिडकी उघडायला मनाई होती:
काजळी आत येई.

विभाग धानीकवक. धानी म्हणजे पिशवी,
एका पिशवीत आठ बीजाणू,
आठही सुईसारखे, अंगावर चिकट लेप.
पानावर आधी पिवळट डाग उमटतो,
मग उन्हाळा सरता सरता काळा, चकचकीत,
डांबराचा शिंतोडा उडावा तसा.
झाडाला मारत नाही. तेवढी त्याची पोच नाही.

भाऊबंद आहेत. वाळुंजाच्या पानावरचा जाडसर, फुगीर.
मॅपलवरचाच एक बारीक ठिपक्यांचा,
कुणी शाईचं पेन झटकल्यासारखा.
आमचा तो मोठ्या डागाचा.
आमचा म्हणते खरी,
पण चाळिसाव्या खणात
आमच्या शहराचा एकही लिफाफा नव्हता.
डोंगरातल्या खेड्यांचे होते, ब्रनोचे होते.
आमच्या नावापुढे द्राहोमीराबाईंच्या टोकदार अक्षरात:
शोधला. नाही.
पुढच्या वर्षी पुन्हा:
शोधला. नाही.

बाबा कोकभट्टीवर होते.
आई त्यांच्या जाकिटाला कोपरावर ठिगळ लावी,
ते जळालं की त्यावर दुसरं.
रस्त्यावरच्या मॅपलची पानं तेव्हा अगदी निष्कलंक.
किती निरोगी झाडं, पाहुणे म्हणत
आणि खोकत.
गंधकाचा धूर या कवकाला सोसत नाही.
आम्हाला सोसतो, असा आमचा समज होता.

भट्ट्या विझल्या. बाबा घरी बसले.
सहाव्या की सातव्या उन्हाळ्यात
शेजारचे झ्बिन्येक पान नाचवत दारात:
रोग आलाय, बाई. तुम्ही यातल्या, काहीतरी करा.
मी पान हातात घेतलं.
तीन डाग.
त्या रात्री माझा रस्सा करपला.

लेबलावर तारीख, रस्ता, झाड.
गोळा करणारा: तिथे मी झ्बिन्येकचं नाव घातलं.
त्यांना ते अजून ठाऊक नाही.

बाबांना दाखवलं.
नाकातली नळी सावरत
त्यांनी अंगठ्याने डाग घासून पाहिला,
जाकीट धुताना आई घासायची तसा.
"निघत नाही," म्हणाले.
बरं वाटून म्हणाले की कसं, मला कळलं नाही.

आता नगरपालिकेचा हुकूम आहे,
ऑक्टोबरात पानं झाडा, जाळा.
शास्त्र म्हणून बरोबरच.
हिवाळा तो पडलेल्या पानातच काढतो,
एप्रिलात ओल लागली की कवच सुरकुततं,
ओठ फुटावेत तसं फुटतं,
आणि सुया वर उडतात, मिलिमीटरभर.
पुढचं वाऱ्यावर.
कोवळ्या पानाच्या श्वासाच्या छिद्रातून आत.

मीही झाडते. सगळं अंगण.
फक्त बाबांच्या बाकाखाली
खराटा पोचत नाही,
असं झ्बिन्येकना सांगते.