बेट क्रमांक तीन

मेढ्याच्या पेंटरनं पाटी रंगवली:
'सागरी संरक्षित क्षेत्र. मासेमारीस मनाई.'
मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, शिवसागर जलाशय.
त्याला त्यातला सागर तेवढा दिसला,
बाकीचं त्यानं सढळ हातानं भरलं.
साहेब म्हणाले, पुन्हा रंगवायला पैसे नाहीत, असू दे.
म्हणून बामणोलीपासून होडीनं पाऊण तासावर,
डोंगरांच्या पोटात,
समुद्र आहे.

पर्यटक विचारतात, पाणी खारट आहे का?
तानू उतेकर वल्हं न थांबवता म्हणतो,
चाखून बघा.

तानूला वय विचारलं तर म्हणतो, धरणाच्या आधीचा.
याच पाण्यात रात्रीची जाळी टाकायचा,
दोनदा पावती फाडली होती त्याची
माझ्या आधीच्या गार्डनं.
आता रोजंदारीवर हद्दीचे डबे बांधतो,
तेलाचे रिकामे, पांढरे, पंधरा लिटरचे.
डब्याच्या आत कुणी गळ जरी सोडला
तर शिवी आधी देतो,
नियम मग सांगतो.

मी मिरजेची. आमच्या कृष्णेत मगरी,
पोरं घाटावर पाऊल मोजून टाकतात.
इथं मगर नाही, तरी पहिले सहा महिने
मुजावर बाई होडीचा काठ सोडत नव्हत्या,
हे तानू सगळ्यांना सांगतो.

नोंदवहीत रकाना आहे, बेटाचं नाव.
वरून छापूनच आलंय: क्रमांक तीन.
बेट कसलं बाई, तानू म्हणाला,
बुडायचं राहून गेलेलं टेकाड ते.
आमची गुरं चरायची त्याच्यावर.

थंडीत तिथं ऊद दिसले. पाच.
धाकटं खेकडा तोंडात धरून पळत होतं
आणि बाकीचे चौघं, भाऊबंदच शेवटी, त्याच्या मागं.
एकदा संध्याकाळी नुसती दोन शिंगं पोहत आली,
मागं एक मोठा, दमलेला श्वास.
गवा काठाला लागला, अंग झाडलं,
आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही.
खडस मासा मी मोजू शकत नाही.
तानू पाण्याकडं बघून आकडा सांगतो, मी लिहिते.
ज्यानं त्यांना पकडलं तोच त्यांना ओळखतो.

एप्रिलात पाणी उतरलं आणि उतारावर
दगडांचं एक गोल वर आलं,
मधोमध तिवडा रोवायचं भोक.
त्या भोकाशेजारी, उघड्यावर,
नदीसुरयाची तीन अंडी.
नाचणीच्या भाकरीवर करपल्याचे ठिपके असावेत, तशी.
तानू खाली बसला.
हे आमचं खळं, एवढंच म्हणाला.
मग म्हणाला, बाई, पाय जपून.

मे महिन्यात पाणी आणखी आटलं.
पांढरे डबे कोरड्या गाळावर ओळीनं पडलेले,
समुद्राची पाटी चिखलात,
आणि बेटाला जमिनीची मान फुटली.
पलीकडून कुत्री येऊ लागली.
कायदा सगळा पाण्याच्या भरवशावर होता,
हे तेव्हा कळलं.

तेरा रात्री तानू त्या मानेवर बसला,
काठी, बॅटरी, तंबाखूची पुडी घेऊन.
एका रात्री मी डबा घेऊन गेले.
पायाखाली फरसबंदी लागली.
इथं काय होतं?
वेस, तो म्हणाला. गावात शिरायची वाट.
आणि अंधारात दोन डोळे चमकले तसा उठून
असा ओरडला
की मीही दोन पावलं मागं सरले.

सगळा गाव उठून गेला तेव्हा तो सहा वर्षांचा.
आता वेशीवर उभा राहून
कुणालाच आत येऊ देत नव्हता.

गावाचं नाव मी त्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलंय.
साहेबांना खोडायचं असेल तर खोडतील.

जूनअखेर मान बुडाली, डबे पुन्हा तरंगले.
पिल्लं दोन उडाली.
तिसऱ्याचं काय झालं ते तानूला माहीत आहे,
मी विचारलेलं नाही.