दोनशे चार

माणूस तीन पायऱ्या चढून काउंटरला टेकतो
तोवर त्याची खोली ठरलेली असते.
आधी चपला बघतो मी, मग बॅग.
तोंड सगळ्यात शेवटी. तोंडं फसवतात.

मागं फळीवर बावीस खिळे, बावीस किल्ल्या,
शाहूपुरीतल्या या लॉजचा हाच माझा नकाशा.
गुळाच्या सौद्याला येणारे जसवंतभाई : तीनशे एक.
मोबाइलला रेंज, बाथरूमला गरम पाणी,
घासाघीस न करणाऱ्याचा एवढा मान ठेवावा लागतो.
देवदर्शनाला आलेलं नवं जोडपं : तीनशे दहा, कोपरा.
सोबतची मावशी मात्र एक मजला खाली.
सीपीआरला पेशंट असेल तर एकशे दोन,
दारापासून आठ पावलं.
फोन रात्रीच येतो आणि पळताना जिना आठवत नाही.
त्यांच्याकडून मी ॲडव्हान्स मागत नाही,
चौगुले मालकांना हे माहीत नाही. किंवा असेल.

"रूममधून रंकाळा दिसतो का हो?"
ठाण्याच्या बाई विचारतात.
शाहूपुरीतून रंकाळा!
हसू गिळतो, तीनशे पाच देतो, नवा रंग दिलेली.
स्टार देणाऱ्या माणसांना
ओल आलेली भिंत दाखवायची नसते.

आणि जो काहीच विचारत नाही,
पिशवी छातीशी धरून बाजूला उभा राहतो,
"कुठलीबी चालंल" म्हणतो,
त्याला दोनशे चार.
लिफ्टला लागून.
जाळीचं दार सरकलं की भिंत दणकते,
आणि नीट लागलं नाही की आतली बाई सुरू होते :
कृपया दरवाजा बंद करें. कृपया दरवाजा बंद करें.
तक्रार न करणाऱ्याच्या वाट्याला
तक्रारीची खोली.
सतरा वर्षं हाच धंदा.

शामराव इंगवले, मु. पो. आजरा, वय एकाहत्तर.
येण्याचे कारण : डोळे.
एवढंच लिहिलं रजिस्टरात, तेही रेघ सोडून.
त्या रात्री वरात होती, वऱ्हाडानं लिफ्ट
तीन वाजेपर्यंत जागी ठेवली.
सकाळी किल्ली घेताना
मी मान वर केली नाही. म्हटलं, आता बोलतील.

बोलले.
"झोप लई झ्याक लागली.
ती बाई रात्रभर सांगत हुती, दार लावा, दार लावा.
आमच्यात असं म्हणणारी गेली
त्याला दिवाळीला तीन वर्षं हुतील.
तवापास्नं दार कधी लावतो, कधी तसंच."
चष्म्याची काच धोतरानं पुसली,
नि म्हणाले, "पुढच्या टायमाला
हीच खोली मिळंल का?"

हीच खोली.
सतरा वर्षांत पहिल्यांदा कुणी मागितली.

आता महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ते येतात.
एकदा घनसाळचा किलोभर तांदूळ आणला,
बायकोनं भात केला तर वास जिन्यापर्यंत.
त्या दिवशी गर्दी असली, यात्रा असली,
दारात कर्नाटकची अख्खी बस उभी असली तरी
दोनशे चारची किल्ली माझ्या खिशात असते.
"नळ गळतोय," मी मालकांना सांगतो.
"दर महिन्याला?" ते विचारतात.
"जुना नळ आहे," मी म्हणतो.

परवा लिफ्टवाला आला होता, अस्लम.
स्क्रू काढता काढता म्हणाला,
"ही बाई लई बडबडती, मालकांनी सांगितलंय. तोडू वायर?"
चहा मागवला त्याच्यासाठी. खारी पण.
म्हटलं, "आवाज कमी कर. बंद नको."

आज मंगळवार.
साडेअकराला वर दिवा मालवला गेला.
लॉज आज निम्मं रिकामं, लिफ्ट गप्प.
बाहेर स्टँडवर शेवटची गारगोटी लागली आहे,
कंडक्टर ओरडून दमला आहे.
मी दोन मजले चढून जातो,
जाळीचं दार चार बोटं उघडं सोडतो,
आणि चपला हातात घेऊन
जिन्यानं खाली येतो.