पंचवीसवर

जतच्या सरकारी दवाखान्यात, एप्रिलात,
दुपारी दोनला
पत्र्याच्या शेडवर कावळासुद्धा टेकत नाही.
आणि आत थेटरात सोळा.
डॉक्टर बिराजदारांचा ठरलेला आकडा तो.
रबरी एप्रन, वर गाऊन, दुहेरी हातमोजे,
दिव्याखाली त्यांचं कपाळ पाझरतं
माठासारखं.

नऊ वर्षं मी काही म्हटलं नाही.
कात्र्या मोजायच्या, बोळे मोजायचे,
आकडे तेवढेच माझे.

मग गेल्या पौषात एक मूल
छान रडलं, तीन किलोला जरा कमी,
आणि तासाभरात त्याचे तळवे
फरशीसारखे.
काचेच्या पेटीत दोन दिवस. वाचलं. घरी गेलं.
कुणी कुणाला काही विचारलं नाही.
मी त्या रात्री गार भाकरी हातात घेतली
आणि ठेवून दिली.

तेव्हापासून रिमोट माझ्या खिशात,
मागचं झाकण हरवलेला, रबरबँड लावलेला.

आज महादेवी, उमदीची.
कण्यात सुई गेली आणि दात वाजायला लागले.
"चळी, अक्का, चळी."
माझं कानडी बाजारापुरतं,
पण हा शब्द दातांतूनच येतो.

मी दाबलं. वीस. बावीस. पंचवीस.
मान न वळवता डॉक्टर म्हणाले,
सिस्टर, एसी बिघडला का?
नाही सर.
मग?
सर, येणारं सदतिसातून येतंय. ओलं.
त्याला गाऊन नाही.

कुणी बोललं नाही.
कोळेकर मावशींनी डॉक्टरांचं कपाळ टिपलं,
थोड्या वेळानं परत टिपलं.
वॉर्मरखाली फडकी तापत होती,
धुवून धुवून मऊ पडलेली,
आणि एक टोपडं, मीच शिवलेलं, जरा वाकडं.

दोन चाळीस. मुलगी.
पहिल्या फडक्यानं पुसली आणि ते लांब टाकलं,
ओलं फडकं म्हणजे चोर,
अंगाशी राहून ऊब पळवतं.
दुसऱ्यात घेतली. टोपडं. आणि सरळ
हिरव्या पडद्याच्या अलीकडे
आईच्या उघड्या छातीवर. वरून तिसरं.
महादेवीचे दात वाजायचे थांबले.
कशानं, ते लिहिलं नाही मी.
कागदावर तसा रकाना नाही.

बाहेर लिंबाखाली बाप उकिडवा,
डोक्यावर ओला टॉवेल.
मुलगी म्हटल्यावर हसला, मग विचारलं,
"आत एसी हाय न्हवं? लेकरू गार हाय न्हवं?"
एसीत जन्मली, हे त्याला
उमदीपर्यंत सांगत न्यायचं होतं.
"कमी केलाय," मी म्हटलं.
तो असा बघत राहिला
की माझा हात आपोआप खिशाकडे गेला.

संध्याकाळी वॉर्डात त्याचा हात धरून
बोटांची मागची बाजू
लेकीच्या तळव्याला लावली.
द्राक्षाच्या काड्या छाटून घट्टे पडलेली बोटं,
त्यांना काय कळणार.

बराच वेळ त्यानं ती काढली नाहीत.