ञ

विट्याच्या तहसिलीत दुपारी तीनला
पंखा फिरतो तेवढेच कागद हलतात.
येताळा गुरव मास्तरांचा अर्ज. दहाचा कोर्ट फी स्टॅम्प
थुंकी लावून चिकटवलेला, जरा तिरका.
निराधारांची यादी द्यावी, नावांसकट, कारणांसकट.

मागतात ते बरोबरच आहे.
नऊ नंबरच्या निराधाराच्या दारात
दोन ट्रॅक्टर उभे असतात.
बावीसची बाई मरून चार दिवाळ्या झाल्या,
तिचा अंगठा अजून दरमहा उठतो.

पण सदतीसला एक नाव आहे.
पुढे सहाव्या रकान्यात आजार.
नवरा गलाईला होता, लांब कुठं; तिकडंच गेला.
ती शाळेत खिचडी शिजवते.
रकाना बाहेर पडला
तर दुसऱ्या दिवशी पोरं घरून डबे आणतील.

कलम आठ, एक, ञ.
च छ ज झ गिरवून झाल्यावर
चित्राशिवाय उरायचं ते अक्षर.
क कमळाचा, ग गणपतीचा,
ञ कुणाचाच नाही.
सरकारात त्याला काम लागलं,
झाकायचं.

मागल्या साली याच ञ-खाली
साहेबांनी पाझर तलावाची बिलं झाकायला लावली.
ठेकेदाराची खाजगी बाब आहे, मॅडम.
मार्कर हाच होता. हातही माझाच.

एकट्या सदतीसवर काळं फासणं
म्हणजे बोट दाखवणं.
म्हणून अख्खा सहावा रकाना.
उजेडात धरलं की खालचं दिसतं,
म्हणून झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स.

मास्तरांनी पानाला दोन रुपये मोजले,
चष्मा कपाळावर सरकवून कागद खिडकीकडं धरला.
"नऊवाला आंधळा म्हणून पगार खातो.
ट्रॅक्टर हाकतो की, स्वतः!
नेमकं तेच खोडलंत?"
मी नोंदवहीत सही कुठं करायची ते दाखवलं.
"तुम्हीपण त्यांच्यातल्याच," म्हणाले,
आणि सही केली, ठसठशीत, शाळेतल्यासारखी.

अपील बुधवारी आहे.
का झाकलं, सविस्तर लिहून आणा म्हणतात.
तीन वेळा लिहिलं.
तिन्ही वेळा ती बाई
चुलीसकट कागदावर येऊन उभी राहिली.

माझा धाकटा त्याच शाळेत आहे.
रात्री म्हणाला,
आज खिचडीत शेंगदाणे होते,
मी दोनदा घेतली.